यकृताचा कर्करोग: प्रत्यारोपणासाठी अहमदाबादला पाठवण्याआधी बडोद्यात काय काय ठरवून घ्यावं?

रावपुरा_दवाखाना

नमस्कार. प्रश्न एका पेशंटचा आहे, पण असे पेशंट सगळ्यांकडेच येतात म्हणून सविस्तर लिहितो.

पुरुष, वय ५६, वजन ७२ किलो. हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस, दारू नाही. सोनोग्राफीत गाठ दिसली म्हणून सीटी केला. रिपोर्टात सेगमेंट ८ मध्ये ४.२ सेंमी आणि सेगमेंट ६ मध्ये २.१ सेंमी अशा दोन गाठी आहेत. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृताला रक्त आणणारी मोठी शीर) मोकळी. पोर्टाजवळ (ही शीर यकृतात शिरते तिथे) १.३ सेंमीची एक लसिकाग्रंथी. एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढणारं रक्तातलं प्रथिन) ३४०. बिलिरुबिन २.४, अल्ब्युमिन ३.०, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) १.५, क्रिएटिनिन १.०, एएलटी (यकृताची सूज दाखवणारं एन्झाइम) १४२, प्लेटलेट ७८ हजार. पोटात थोडं पाणी, भ्रम नाही. विषाणूचा डीएनए अजून केलेला नाही, गोळ्याही चालू नाहीत.

विचारायचं असं:

दोन गाठी आणि मोठी ४.२ ची, म्हणजे मिलानच्या (गाठींचा आकार आणि संख्या बघून प्रत्यारोपण ठरवणाऱ्या निकषांच्या) बाहेर. मग प्रत्यारोपणाचा विषय संपला असं घरच्यांना सांगायचं का? अहमदाबादला किंवा मुंबईला पाठवण्याआधी इथे कोणत्या तपासण्या नीट करून घ्याव्यात, म्हणजे तिथे जाऊन परत पहिल्यापासून सुरुवात होणार नाही? आणि घरात यकृताचा भाग देण्याची तयारी असलेले तिघं आहेत: बायको (५०), मुलगा (२६) आणि पुतण्या (३१). यांच्यात कोणाला पुढे करावं?

---

फेज_बघणारा

डॉक्टर, मिलानचं गणित मांडायच्या आधी त्या दुसऱ्या गाठीकडे बघा. सगळा निकाल तिच्यावर आहे. ती कर्करोग असेल तर दोन गाठी आणि मोठी ३ सेंमीच्या वर, म्हणून बाहेर. ती कर्करोग नसेल तर ४.२ ची एकटी गाठ, म्हणजे ५ च्या आत, म्हणून आत. सिरॉसिसच्या यकृतात पुनरुत्पादनाच्या गाठी, डिस्प्लास्टिक गाठी आणि रक्तप्रवाहातल्या फरकाचे ठिपके भरपूर असतात. रिपोर्टात ‘दोन गाठी’ लिहिलंय म्हणून दोन कर्करोग होत नाहीत.

सिरॉसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या प्रौढ पेशंटमध्ये आपण सीटी-एमआरआय लाय-रॅड्सने (गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता एलआर-१ ते ५ अशा वर्गांत मांडणारी पद्धत) वाचतो. एलआर-५, म्हणजे नक्की कर्करोग, म्हणायला आर्टिरियल फेजमध्ये (शिरेतून दिलेला रंग धमन्यांत असतानाच्या चित्रांत) गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा जास्त उजळायला हवी, तीही कडेकडेने नाही तर आतून. त्याच्या जोडीला पुढच्या फेजमध्ये ती काळवंडायला हवी म्हणजे वॉशआउट, किंवा गाठ २ सेंमी वा मोठी असेल तर कॅप्सूल (गाठीभोवतीचं कवच) दिसायला हवं, किंवा सहा महिन्यांच्या आत आकार ५० टक्के वाढलेला हवा. नुसती उजळलेली आणि बाकी काही नसलेली गाठ १ ते २ सेंमीची असेल तर एलआर-३, २ सेंमी किंवा त्याहून मोठी असेल तर एलआर-४. म्हणजे तुमची सेगमेंट ६ ची गाठ २.१ आहे की १.९, यावरही वर्ग बदलतो. मापही म्हणून नीट घ्यायला हवं. आर्टिरियल फेजमध्ये गाठीभोवतालचा भागही उजळतो आणि आकार फुगून दिसतो. ज्या फेजमध्ये कडा सर्वात स्पष्ट दिसते तिथे, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, आणि दुसऱ्या फेजमध्ये कडा स्पष्ट असेल तर आर्टिरियलमध्ये मोजायचं टाळायचं.

आता सीटी कसा झालाय ते तपासा. ‘ट्रायफेजिक’ असं रिपोर्टावर छापलेलं असतं, आणि आत उघडून बघितलं तर साधा, आर्टिरियल आणि पोर्टल असे तीन फेज निघतात. उशिराचा फेज घेतलेलाच नसतो. तो नसेल तर वॉशआउट हुकतो. हवेत ते असे: उशिरा आर्टिरियल, ६० ते ८० सेकंदांना पोर्टल, आणि २ ते ५ मिनिटांना डिलेड. उशिरा आर्टिरियल बरोबर साधला की नाही हे ओळखायची खूण: यकृताची धमनी पूर्ण भरलेली, पोर्टल व्हेनमध्ये रंग यायला लागलेला, पण हिपॅटिक व्हेन अजून रिकाम्या. पोर्टल व्हेनमध्ये काहीच रंग नसेल तर फेज लवकर घेतलाय, आणि अशा फेजमध्ये खरी गाठसुद्धा उजळत नाही.

हा फेज का चुकतो? बहुतेक वेळा मनगटावर २२ नंबरची बारीक सुई असते आणि रंग सेकंदाला २ मिलीने जातो. कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबर, सेकंदाला ४ ते ५ मिली, किलोमागे दीड ते दोन मिली रंग, आणि वेळ घड्याळाने नाही तर महाधमनीत बोलस ट्रॅकिंगने (रंग पोचलेला मशीनवरच बघून). स्लाइस जास्तीत जास्त ५ मिमी, २.५ ते ३ मिमीच्या मिळाल्या तर उत्तम. चिठ्ठीवर हे लिहून दिलंत तर अलकापुरी-सयाजीगंजमधलं कोणतंही बरं सेंटर करून देतं, लिहून द्यायला मात्र हवं.

शंका राहिली तर एमआरआय. त्यात एक बारीक गोष्ट. यकृतपेशींत शिरणारं कॉन्ट्रास्ट (रंग) वापरलं तर वॉशआउट फक्त पोर्टल फेजमध्येच मोजायचा असतो. नंतरच्या फेजमध्ये गाठ काळी दिसली तरी तो वॉशआउट धरत नाहीत, कारण तोवर आजूबाजूचं यकृतच उजळलेलं असतं. तुमच्या प्रश्नासाठी साधं, पेशींबाहेर राहणारं गॅडोलिनियम पुरेल. पोटात पाणी जास्त असेल तर आधी काढा, नाहीतर श्वास रोखता येत नाही आणि आर्टिरियल फेज हलतो.

पोर्टाजवळच्या १.३ सेंमीच्या ग्रंथीने घाबरू नका. जुन्या हिपॅटायटिसमध्ये तिथल्या ग्रंथी सुजलेल्या असतातच, तेवढ्यावरून प्रसार म्हणत नाहीत. गोल झालेली, मधोमध काळी, गाठीसारखीच उजळणारी असेल तर वेगळी गोष्ट.

आणि पाठवताना डायकॉमची (मूळ डिजिटल चित्रांची) सीडी किंवा पेनड्राइव्ह द्या. फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवून कोणी पात्रता सांगितली तर ती धरू नका.

---

यकृत_ओपीडी

वरचं सगळं मान्य. आता आकडे.

मिलानचे निकष १९९६ चे. मझाफेरो यांनी मिलानमधल्या ४८ पेशंटवरून मांडले: एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ सेंमीपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नाही, यकृताबाहेर प्रसार नाही. चार वर्षांनी ७५ टक्के जिवंत होते. त्याआधी कर्करोगात प्रत्यारोपणाचे निकाल इतके वाईट होते की तो नादच सोडून द्यावा असं मत झालं होतं. म्हणून मिलान आजही पाया आहे. पण तो पाया आहे, कुंपण नाही.

तुमच्या पेशंटच्या दोन्ही गाठी खऱ्या धरून बाकीची मापं लावून बघू.

सॅन फ्रान्सिस्कोचा निकष (२००१): एकटी ६.५ पर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, सर्वात मोठी ४.५ पर्यंत आणि सगळ्यांची बेरीज ८ पर्यंत. इथे ४.२ आणि बेरीज ६.३. आत.

सातपर्यंतचा नियम (२००९): मोठ्या गाठीचे सेंमी अधिक गाठींची संख्या. ४.२ आणि २ मिळून ६.२. आत.

जपानचा ५-५-५००: ५ सेंमीपर्यंत, ५ गाठींपर्यंत, एएफपी ५०० पर्यंत. आत.

फ्रान्सचा एएफपी स्कोअर (२०१२): आकार ३ ते ६ सेंमी म्हणून १, गाठी तीनपर्यंत म्हणून ०, एएफपी १०० ते १००० म्हणून २. एकूण ३. तिथे २ च्या वर गेलं की परत उद्भवण्याचा धोका जास्त धरतात. बाहेर.

म्हणजे तीन निकषांत आत आणि दोनांत बाहेर. यावरून एकच कळतं: हा पेशंट सीमेवर आहे, आणि त्याला खाली खेचणारी गोष्ट आकार नसून एएफपी आहे. आकार आणि संख्या सांगतात की आजार किती आहे. एएफपी सांगतं तो कसा वागतोय. लहान गाठ आणि १००० च्या वर एएफपी हे मला मोठ्या गाठीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. अमेरिकेच्या यादीत तर १००० च्या वर गेलेला पेशंट उपचाराने ५०० च्या खाली आल्याशिवाय पुढे सरकत नाही.

पण तुमच्या ३४० वर लगेच विश्वास ठेवू नका. एएलटी १४२ आहे आणि विषाणूवर औषध नाही. हिपॅटायटिस बी भडकलेला असताना एएफपी गाठीशिवायही वाढतं. आजच डीएनए पाठवा आणि अहवालाची वाट न बघता एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करा. सिरॉसिसमध्ये डीएनए कितीही असला तरी औषध लागतंच. चार-पाच आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने एएफपी आणि एएलटी परत करा. लॅब बदलली तर आकड्यांची तुलना फसते. एएलटी खाली आणि एएफपीही खाली, तर मोठा वाटा विषाणूचा होता. एएलटी खाली आणि एएफपी चढतंच आहे, महिन्याला १५ पेक्षा जास्त वेगाने, तर ते गाठीचं आहे आणि धोक्याचं आहे.

पिव्हका-२ (यकृताच्या कर्करोगाची दुसरी रक्ततपासणी) सोबत करा, पण वॉरफरिन चालू असेल, कावीळ अडथळ्याची असेल किंवा व्हिटॅमिन के कमी असेल तर ते उगाच वाढतं हे लक्षात असू द्या.

यकृताची ताकद, चाइल्ड स्कोअरच्या गुणांनी: बिलिरुबिन २, अल्ब्युमिन २, आयएनआर १, पाणी २, भ्रम नाही १, मिळून ८. चाइल्ड बी (ए बरं, सी सर्वात वाईट). मेल्ड (यकृत किती बिघडलंय याचा दुसरा स्कोअर) १४. प्लेटलेट ७८ हजार आणि पोटात पाणी म्हणजे पोर्टल दाब वाढलेला. चाइल्ड ए असता, दाब नसता आणि गाठ एकटी असती तर आधी कापून काढण्याचा विचार केला असता. इथे तो रस्ता नाही. म्हणूनच प्रत्यारोपणाचा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे: गाठ आणि बिघडलेलं यकृत दोन्ही एकदम जातात.

घरच्यांना ‘विषय संपला’ असं अजिबात सांगू नका. ‘ठरायचं आहे’ असं सांगा.

---

मांजलपूरकर

डॉक्टरसाहेब, मधेच विचारतो. आमच्या सासऱ्यांना असाच आजार निघालाय आणि एका ठिकाणी सुईने तुकडा काढायला सांगितलंय. त्याने गाठ पसरते असं नातेवाईक म्हणतात. करावं की नाही?

---

यकृत_ओपीडी

मांजलपूरकर, तुमचे नातेवाईक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. सुईच्या वाटेवर पेशी पेरल्या जाण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीन आहे. शिवाय प्लेटलेट कमी आणि पोटात पाणी असलं की रक्तस्रावाचा धोका वेगळा. सिरॉसिस आहे आणि सीटी किंवा एमआरआयवर एलआर-५ स्पष्ट आहे, तर तुकड्याची गरज नाही.

पण काही वेळा तो घ्यावाच लागतो. सिरॉसिस नाही आणि हिपॅटायटिस बीही नाही. किंवा यकृताच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे, उदाहरणार्थ बड-कियारी, त्यात लाय-रॅड्स लावताच येत नाही. किंवा गाठ कडेकडेने उजळते, ज्याला एलआर-एम म्हणतात. ती पित्तनलिकेचा कर्करोग किंवा मिश्र कर्करोग असू शकते, आणि तसं निघालं तर प्रत्यारोपणाचा निर्णयच बदलतो. तुम्ही सासऱ्यांच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘लाय-रॅड्सचा वर्ग कोणता आहे, आणि तुकड्याने उपचारात काय बदलणार?’ उत्तर पटलं तर करा, आणि प्रत्यारोपण शक्य वाटत असेल तर तुकडा त्या टीमला विचारूनच घ्या.

---

दांडियाबाजार_समन्वय

दात्यांबद्दल मी लिहिते. प्रत्यारोपण समन्वयाचं काम असल्याने कागद कुठे अडकतात ते माहीत आहे.

पुतण्याला पहिल्या नंबरवर ठेवू नका. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात (१९९४ चा, २०११ ची दुरुस्ती) जवळचे नातेवाईक ठरलेले आहेत: नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. पुतण्या, भाचा, सून, जावई, मेहुणा हे त्यात नाहीत. ते देऊ शकतात, पण प्राधिकार समितीपुढे जावं लागतं, पैशाचा व्यवहार नाही हे दाखवावं लागतं आणि वेळ जातो. बायको आणि मुलगा यांचं प्रकरण रुग्णालयाच्या पातळीवर सुटतं.

पहिल्या दिवशी तिघांचा रक्तगट बघा. गट तोच किंवा चालणारा हवा, आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्हने फरक पडत नाही. वय साधारण १८ ते ५० किंवा ५५, बीएमआय ३० च्या खाली. मग साखर, लिव्हर फंक्शन, हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही. तुमच्या घरात हे महत्त्वाचं आहे, कारण हिपॅटायटिस बी घरातल्या घरात फिरतो. मुलगा एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीच्या संसर्गाची तपासणी) पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता धरूनच चाला. तो आणि बायको निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल तर ती आत्ताच सुरू करा, प्रत्यारोपण होवो न होवो.

यकृतात चरबी हा दुसरा अडथळा. आपल्याकडे बाहेरून सडसडीत दिसणाऱ्यांच्याही यकृतात चरबी निघते. साध्या सीटीवर यकृत आणि प्लीहा यांच्या घनतेतला फरक बघतात, यकृत ५ युनिटपेक्षा जास्त वरचढ असेल तर ठीक. कमी असेल तर दोन-तीन महिने वजन उतरवून परत बघता येतं.

नंतर मापं. मिळणाऱ्या तुकड्याचं वजन पेशंटच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी हवं. ७२ किलोवर ते ५७६ ग्रॅम होतं. पण पोटातलं पाणी धरू नका. पाणी काढून वजन ६६ असेल तर ५२८ ग्रॅम पुरतात, आणि हा फरक दाता पात्र ठरवतो किंवा बाद करतो. दुसऱ्या बाजूला दात्याकडे स्वतःच्या यकृताचा ३० टक्के तरी भाग राहायला हवा, थोडी चरबी असेल तर ३५. समजा मुलाचं एकूण यकृत १०१० मिली आणि उजवा लोब (दात्याकडून घेतात तो भाग) ६२० आहे. मागे ३९० राहतं, म्हणजे ३८ टक्क्यांच्या वर. चालेल. सीटीवरचं माप आणि प्रत्यक्ष वजन यांत दहा टक्के इकडेतिकडे होतं, म्हणून अगदी काठावरचा आकडा कोणी घेत नाही.

बायको आणि मुलगा दोघांचाही गट जुळला नाही तर अदलाबदलीची सोय कायद्यात आहे: दोन कुटुंबं, दोघांकडे जवळचा दाता, पण गट उलटसुलट. केंद्राला पहिल्याच भेटीत विचारा, म्हणजे तुमचं नाव त्या यादीत जाईल.

आता कागद. बडोद्यातल्या मराठी घरांत एक अडचण हमखास येते. आधारवर ‘सुरेशभाई’, शाळेच्या दाखल्यावर ‘सुरेश’, पासपोर्टवर आडनाव आधी, आणि लग्नाच्या दाखल्यावर बाईंचं माहेरचं नाव. नातं सिद्ध करायला कागदावर नाव सारखं लागतं. मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला आणि जुने कौटुंबिक फोटो एकत्र काढा, आणि जिथे ‘भाई’ किंवा ‘बेन’ने फरक पडलाय तिथे एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. कागदांवरून नातं स्पष्ट झालं नाही तर जनुकीय तपासणी मागतात, त्यात आठवडे जातात.

मृत दात्याच्या यादीतही नाव घालायचं असेल तर गुजरातचं काम सोट्टो (राज्याची अवयव प्रत्यारोपण संस्था) बघतं, अहमदाबादला असारव्याच्या सिव्हिल आवारातून. नाव मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फतच जातं. रहिवासी दाखल्याची आणि ६५ वर्षांची अट २०२३ मध्ये राष्ट्रीय धोरणातून काढली आहे, त्यामुळे मुंबईला नाव घालायचं असलं तरी ‘तुम्ही गुजरातचे’ म्हणून कोणी अडवायला नको. आयुष्मान कार्डावर काय बसतं ते मात्र तोंडी ऐकू नका, त्या रुग्णालयाच्या कार्ड कक्षाकडून लेखी घ्या.

---

रावपुरा_दवाखाना

फार उपयोग झाला. सांगितल्याप्रमाणे केलं, निकाल टाकतो.

सीटीत डिलेड फेज नव्हताच. पाणी काढून एमआरआय केला, साध्या गॅडोलिनियमवर. सेगमेंट ८ ची गाठ ४.० सेंमी, आर्टिरियलमध्ये उजळते, वॉशआउट आणि कॅप्सूल दोन्ही. एलआर-५. सेगमेंट ६ ची १.८ सेंमी, आर्टिरियलमध्ये उजळते, वॉशआउट नाही, कॅप्सूल नाही. एलआर-३. पोर्टल व्हेन आणि फांद्या मोकळ्या. छातीचा सीटी: उजव्या वरच्या भागात ६ मिमीचा चुना साचलेला ठिपका. हाडांचा स्कॅन साफ. टेनोफोव्हिर सुरू करून पाच आठवडे झाले. एएलटी १४२ वरून ६१, एएफपी ३४० वरून १९०. डीएनए सुरुवातीला भरपूर होता. कोरडं वजन ६७.

मुलाचा गट जुळतो, एचबीएसएजी निगेटिव्ह. बायकोचा जुळत नाही.

आता मिलानमध्ये आला ना? मग थेट प्रत्यारोपणालाच पाठवू, की आधी गाठीवर काही करायचं? पेट स्कॅनही घरचे विचारताहेत. आणि एका ठिकाणी इम्युनोथेरपी सुचवली आहे.

---

यकृत_ओपीडी

हो, मिलानमध्ये आला. एलआर-३ मोजत नाहीत. ४.० ची एकटी गाठ. एएफपीचा कल उतरता आहे ही त्याहून चांगली बातमी. फ्रेंच स्कोअर अजून ३ च आहे (१ आणि २), पण एएफपी १०० च्या खाली गेलं की तो १ होईल, आणि औषधाने ते अजून उतरेल असं दिसतंय.

छातीतला चुना साचलेला ठिपका जुन्या क्षयाचा असण्याचीच शक्यता जास्त. मात्र प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायची आहे, म्हणून क्षयाची चौकशी आणि लागल्यास प्रतिबंधक उपचार टीमच्या छातीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ठिपक्याचं माप नोंदवून ठेवा, पुढच्या सीटीला तुलना लागेल.

इम्युनोथेरपी आत्ता अजिबात सुरू करू नका. हे ठासून सांगतो. त्या औषधांनी पेशंटची प्रतिकारशक्ती सैल सुटते, आणि नवं यकृत बसवल्यावर तीच त्याच्यावर तुटून पडू शकते. असा रिजेक्शनचा झटका जिवावर बेतल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. औषधाचं अर्धायुष्य तीन-चार आठवड्यांचं आहे, त्यामुळे एकदा दिलं की प्रत्यारोपणाआधी काही महिने थांबावं लागतं. पात्र पेशंटला हा उशीर कशाला? आजार आवाक्याबाहेरचा असेल तर वेगळी गोष्ट, तेव्हाही प्रत्यारोपणाच्या टीमला विचारूनच.

पेट स्कॅन पात्रतेसाठी सक्तीचा नाही. संथ वाढणारी गाठ साध्या ग्लुकोज पेटवर बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून पेट साफ आला याचा फार आनंद मानू नका. उलट गाठ लख्ख पेटली तर ती आक्रमक असण्याची, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेली असण्याची शक्यता वाढते. जिवंत दात्याचा प्रश्न असताना काही केंद्रं म्हणून करतात. त्यांनी मागितला तर करा.

गाठीवर आधी उपचार? दाता तयार असला तरी मुलाच्या तपासण्या, कागद आणि पेशंटच्या हृदयाच्या तपासण्या यांत दीड-दोन महिने सहज जातात. एवढ्या काळात ४ ची गाठ ५ च्या वर जाऊ नये म्हणून टेस (गाठीच्या धमनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) करतात. तुमच्या पेशंटचं बिलिरुबिन आता किती आहे ते बघा. ३ च्या वर असेल तर टेसने यकृतच कोसळू शकतं. २ च्या आसपास असेल तर फक्त त्या गाठीला रक्त देणाऱ्या बारीक फांदीत, नेमकेपणाने करायचं, पूर्ण लोबमध्ये औषध सोडायचं नाही. ४ सेंमीला नुसतं सुईने जाळणं पुरं पडत नाही, ते ३ च्या आतल्या गाठींना चांगलं.

दाता घरचा आहे म्हणून घाई करण्याचा मोह होतो. उजव्या लोबच्या दानात दात्याचा जीव जाण्याचा धोका हजारी दोन ते पाच धरतात, आणि इथे दाता २६ वर्षांचा निरोगी मुलगा आहे. वडिलांचा आजार परत उलटणार असेल तर त्या मुलाला टेबलावर घेणं योग्य नाही. म्हणून गाठ उपचाराला कसं उत्तर देते हे बघणं हीसुद्धा पात्रतेचीच परीक्षा आहे. टेसनंतर गाठीचा जिवंत भाग कमी झाला, एएफपी उतरलं आणि काही आठवडे स्थिर राहिलं, तर निर्णय पक्का. तुमचा पेशंट मिलानच्या आत आहे, त्याला लांबवायची गरज नाही. पण जो पेशंट बाहेरून उपचाराने आत आणला असेल, त्याला निदान तीन महिने बघूनच पुढे न्यावं.

हृदयासाठी इको आणि डोब्युटामिन स्ट्रेस इको इथेच करून घ्या. इकोत फुफ्फुसाचा दाब जास्त दिसला तर हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटर लागेल. तो दाब उपचारानेही उतरला नाही तर गाठीचे सगळे निकष जुळूनही प्रत्यारोपण होत नाही.

---

फेज_बघणारा

टेसनंतरच्या इमेजिंगचं तेवढं सांगतो, कारण पुढची गडबड तिथे होते. चार ते सहा आठवड्यांनी बघायचं, त्याआधी सूज असते. लिपिओडोल (टेसमध्ये औषधासोबत सोडतात ते तेलकट द्रव्य) वापरलं असेल तर सीटीवर ते पांढरं चमकतं आणि त्याखाली उजळणारा जिवंत भाग दडतो. म्हणून एमआरआय करा, पहिल्यासारखाच, शक्यतो त्याच मशीनवर. पूर्ण गाठीचं नाही, तर आर्टिरियलमध्ये उजळणाऱ्या भागाचं माप धरायचं. गाठ ४ ची दिसली आणि जिवंत भाग १ चा असेल, तर पात्रतेसाठी १ मोजतात. रिपोर्टात दोन्ही मापं वेगवेगळी लिहायला सांगा.

सेगमेंट ६ च्या गाठीवर त्याच वेळी नजर ठेवा. एलआर-३ तीन ते सहा महिन्यांनी परत बघतात, पण तुमच्याकडे एमआरआय आधीच होणार आहे. तिच्यात वॉशआउट आला, किंवा १.८ ची २.७ झाली तर ती एलआर-५ होते आणि गाठी दोन होतात. तेव्हा परत सगळी बेरीज. पोर्टल व्हेनमध्ये कधी गुठळी दिसली तर लगेच नकार देऊ नका, आधी ती साधी की कर्करोगाची ते बघा. शीर फुगलेली, गुठळी गाठीला लागून आणि आर्टिरियलमध्ये उजळणारी, तर कर्करोगाची. न उजळणारी असेल तर साधी, ती एकटी पेशंटला बाद करत नाही.

सीडीवर पेशंटचं नाव आणि तारीख तपासून द्या, आणि जुनी सीटी फेकू नका. डिलेड फेज नसला तरी वाढ मोजायला तीच पहिली तारीख आहे.

---

दांडियाबाजार_समन्वय

मुलाचा गट जुळला म्हणजे आता क्रम असा: पहिल्या भेटीला मुलगा आणि त्याची आई दोघं सोबत जाऊ देत, मुलाशी समन्वयक एकटं बोलतील. त्याने मनापासून नकार दिला तर तो तिथेच थांबू शकतो आणि घरच्यांना कारण सांगितलं जात नाही. हे त्याला आधीच सांगून ठेवा. वजन ६७ धरलं तर ५३६ ग्रॅम लागतील. मुलाचा साधा सीटी चरबीसाठी इथे करू नका, ते केंद्र व्हॉल्यूमसह एकदमच करेल, खर्च आणि किरणं दोन्ही वाचतात. इथे फक्त रक्ततपासण्या आणि कागद. पेशंटच्या आधारवरचं नाव आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचं वडिलांचं नाव आजच जुळवून बघा.